प्रतिमेचे भाकीत म्हणजे निकाल नव्हे

पक्षाघात झालेल्या दोन रुग्णांच्या मेंदूत गुठळी एकाच धमनीत अडकलेली असते. तरीही एक चालत घरी जातो, दुसरा अंथरुणाला खिळतो. हा फरक पुष्कळदा आसपासच्या लहान रक्तवाहिन्या ठरवतात. मुख्य मार्ग बंद झाल्यावर त्या आडवाटेने रक्त पोहोचवून मेंदूला काही काळ तगवतात. सीटी अँजिओग्राफीत हे जाळे दिसते आणि रुग्ण कितपत सावरेल याचा अंदाज बांधता येतो.

अशा प्रतिमांनी उपचारांची मुदत वाढवली. गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः साडेचार तासांतच द्यावे लागते. परंतु प्रतिमांवरून निवडलेल्या रुग्णांची गुठळी 24 तासांपर्यंतही काढता येते, हे 2018 पासून मान्य झाले आहे.

मला चिंता वाटते ती या निवडीचीच. साधने अपुरी असलेल्या आपल्या देशात ‘चित्र वाईट आहे’ एवढेच उपचार नाकारण्याचे कारण ठरू शकते. मेंदूची मोठी हानी दिसत असलेल्या रुग्णांनाही गुठळी काढल्याचा लाभ होतो, हे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवले आहे.

आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांचे कवच देते. वाटेत गेलेले तास ती परत देऊ शकत नाही. म्हणून जिल्हा रुग्णालयात अँजिओग्राफी, ती दुरून वाचणारा तज्ज्ञ आणि गुठळी काढणाऱ्या केंद्रापर्यंत रुग्णवाहिका अशी साखळी राज्यांनी उभारावी. प्रतिमेने रुग्णाला लवकर पुढे न्यावे, दारातून परतवू नये.