डेडलाइन भोगीची!

ऑक्टोबर हीटमध्ये घाम पुसत असतानाच थंडीची तयारी सुरू करायची असते. निदान बाल्कनीत तरी!

ऑक्टोबर आला की ऑफिसात दोनच विषय. दिवाळीची रजा कोणाकोणाला मिळणार आणि एसी पुन्हा कोणी बंद केला! अशा दिवसांत कोणी 'थंडीची तयारी' म्हटलं, तर आपल्याला फार तर कपाटाच्या वरच्या कप्प्यातलं स्वेटर आठवतं. बाल्कनीतल्या कुंड्या? छे! पाऊस संपला, आता रोज तांब्याभर पाणी घातलं की झालं, असा आपला सोयीस्कर समज.

त्यात यूट्यूबवरचे परदेशी गार्डनिंगवाले आणखी घोळ घालतात. हिवाळा आला की ते झाडांना कापडात गुंडाळतात, कुंड्या घरात घेतात आणि मार्चपर्यंत बागेला रामराम! तिकडे बर्फ पडतो, त्यांचं बरोबरच आहे. पुण्यात मात्र डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा साधारण दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि मुंबईत तर सतराच्या आसपासच रेंगाळतो. दिवसा मस्त ऊन, पावसाचा मारा नाही, उन्हाळ्याची काहिली नाही. म्हणजे ज्या मोसमात त्यांची बाग बंद होते, त्याच मोसमात आपली सुरू होते. हा सीझन आहे जेमतेम चार महिन्यांचा, आणि त्याची तिकिटं ऑक्टोबरमध्येच काढावी लागतात. नाताळच्या सुट्टीत हौस आली आणि बिया पेरल्या, तर पालेभाजी मिळेल, पण गाजर तयार होईपर्यंत उन्हाळा दारात उभा असेल.

म्हणूनच माझा फंडा साधा आहे. प्रोजेक्ट आपण जसा आखतो, तशीच बाग आखायची. आधी डेडलाइन ठरवायची, मग मागे मोजत यायचं. आणि आपल्याकडे थंडीच्या बागेची डेडलाइन आयती ठरलेली आहे... भोगी! संक्रांतीच्या आदल्या दिवसाची ती वांगं, गाजर, पावटा, मटार, ओला हरभरा आणि तिळाच्या कुटाची भाजी, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं जुनी माणसं म्हणतात. त्या भाजीतली निम्मीअधिक नावं कुंडीत येतात, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

बाल्कनी आत घ्यायची का?

माझ्यासाठी ही डेडलाइन नुसती गंमत नव्हती. गेल्या वर्षी पाऊस संपता संपता नवरोबांनी घरात प्रस्ताव मांडला, "बाल्कनी आत घेतली ना, तर मला धड बसून मीटिंग घेता येईल." स्लायडिंगच्या काचांचं कोटेशनसुद्धा आणून ठेवलेलं! त्याची अडचण खोटी नव्हती. वन बीएचकेमध्ये घरून काम करणारे दोघं आणि कॉलवर एकाच वेळी बोलणारेही दोघंच. डायनिंग टेबलावर तो, बेडवर मी. दुसऱ्या बाजूला ती सहा फुटांची मोकळी जागा, जिथे मी दिवसातून एकदा तरी फोन आत ठेवून उभी राहते.

मी वाद घालायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "आधी भोगी होऊ दे, मग बघू." ठरलं! भोगीपर्यंत बाल्कनीने स्वतःची किंमत दाखवायची. नाही जमलं, तर काचा.

हिशेब प्रामाणिकपणे सांगते. भोगीच्या दिवशी आमच्या कुंड्यांमधून मिळाली चार वांगी, मूठभर मटार, अर्धी वाटी ओला हरभरा आणि बोटाएवढी सात गाजरं. बाकी सगळं मंडईतून. पैशांत मोजलं तर हसू येईल. पण त्या दिवशी हरभरे सोलायला नवरोबा स्वतः बाल्कनीत जाऊन बसला आणि ऑफिसचा एक कॉलही त्याने तिथूनच, उन्हात पाय पसरून घेतला. ते कोटेशन अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. काचा आलेल्या नाहीत. या वर्षी पुन्हा तीच परीक्षा, फक्त कुंड्या चार जास्त!

आधी ऊन मोजा

नर्सरीत धावण्याआधी एक काम करा. एका सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, ते लिहून ठेवा. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो. पुण्यात २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, म्हणजे जवळजवळ अर्ध्या उंचीवर. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. वास्तूच्या नावाखाली लोक ज्या दक्षिणमुखी फ्लॅटला नाकं मुरडतात, तो थंडीच्या बागेसाठी नंबर वन!

उत्तरेच्या बाल्कनीत मात्र २३ सप्टेंबरच्या सुमारापासून २१ मार्चपर्यंत थेट ऊन येतच नाही. तिथे वांगी-मटाराचा हट्ट नको. मनी प्लांट, फर्न, स्नेक प्लांट यांना तिथे सुखाने नांदू द्या. पूर्व-पश्चिमवाल्यांना अर्धा दिवस मिळतो. ढोबळ हिशेब असा : फळभाजी, शेंगा आणि फुलांना पाच-सहा तास ऊन हवंच, पालेभाजी तीन-चार तासांतही भागवून घेते.

तीन रविवार, बस्स!

पहिला रविवार सफाईचा. नवरात्राच्या आगेमागे हा मुहूर्त साधा. चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतली माती घट्ट बसलेली असते, वर शेवाळ धरलेलं असतं आणि तिच्यातलं खत धुऊन गेलेलं असतं. कुंडी रिकामी करून माती वर्तमानपत्रावर पसरा, ढेकळं फोडा, दोन दिवस कडक ऊन दाखवा. ऑक्टोबर हीटचा एवढा एकच उपयोग आहे, तो करून घ्या! मग एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट का? बारा इंची कुंडीत नुसती ओली माती भरली, तर वजन सहज वीस किलोंच्या वर जातं. बाल्कनी आपली असली, तरी स्लॅब बिल्डिंगचा आहे. कुंडीचं खालचं भोक मोकळं आहे ना, तेही काडी घालून बघा.

दुसरा रविवार छाटणीचा आणि पेरणीचा. गुलाबाच्या वाळक्या, बारीक, एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढा आणि उरलेल्या धारदार कात्रीने, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या जरा वर तिरक्या कापा. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलेला गुलाब सहा-सात आठवड्यांत फुलतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडा. लग्नापर्यंत नवरी मस्त भरून येईल!

आता डेडलाइनचं गणित. भोगी बहुतेक वर्षी १३ जानेवारीला येते. गाजर आणि हरभऱ्याला साधारण नव्वद दिवस लागतात, म्हणजे पेरणी ऑक्टोबरच्या मध्यालाच. गाजराला दहा-बारा इंच खोल कुंडी द्या आणि बी तिथेच पेरा, रोप उपटून लावायचं नाही. हरभऱ्याला पाणी बेतानेच. रोप वीतभर झालं की शेंडे खुडा. त्याने फांद्या वाढतात आणि खुडलेल्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते!

तिसरा रविवार दिवाळीच्या आगेमागे, पण नोव्हेंबर उजाडायच्या आत. नर्सरीतून वांग्याची आणि टोमॅटोची तयार रोपं आणा, एका कुंडीत एकच. लावल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांत फळ हाती येतं. मटार आणि बुटक्या जातीचा पावटा याच दिवशी पेरा. मटाराच्या वेलाला ग्रिलला दोरी बांधून द्या.

पुढचं काम चहा उकळेपर्यंत होणारं. नोव्हेंबरअखेर मुळा आणि कोथिंबीर (धने हलके रगडून दोन फाकी करा, अख्खा धना पेरू नका), आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रभर भिजवलेली मेथी. मेथी महिन्याभरात कापायला येते.

मुंबईकरांनो, तुमच्याकडे थंडी उशिरा येते आणि बेताचीच असते. तेव्हा गाजर-मटारावर फार भिस्त न ठेवता वांगं, टोमॅटो, पावटा, मुळा, पालक यांच्यावर डाव लावा.

रजेवर गेलेल्यांना छळू नका

सगळीच झाडं थंडीत जोमात नसतात. मोगरा, अडेनियम, कढीपत्ता ही मंडळी या दिवसांत चक्क रजेवर असतात. अडेनियमची पानं गळली म्हणून घाबरून पाण्याचा मारा केला, तर मुळं कुजतात. खतही नको. त्यांना उन्हात ठेवा, पाणी कमी करा आणि फेब्रुवारीपर्यंत शांतपणे झोपू द्या.

शेवंतीचं मात्र वेगळंच नाटक. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली, की तिला कळी धरायची असते. तुमच्या बाल्कनीचा दिवा रात्री बारापर्यंत जळत असेल, किंवा समोर रस्त्यावरचा हॅलोजन असेल, तर तिला रात्र झाल्याचं कळतच नाही! पानं भरघोस आणि फूल एक नाही, असं झालं तर खताच्या आधी दिव्याकडे बघा.

पटकन लक्षात ठेवा

* पाणी सकाळीच. मातीत बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच घाला. रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे रोगाला निमंत्रण.

* मटार-पावट्याच्या शेंड्यावर मावा दिसला, तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. तरी हटला नाही, तर एक लिटर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि लिक्विड सोपचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा.

* गुलाबाच्या पानांवर पांढरी पावडर दिसली, तर ती भुरी. कुंड्यांमध्ये अंतर वाढवा, हवा खेळू द्या.

* मातीवर वाळक्या पानांचं किंवा रसवंतीवाल्याकडच्या उसाच्या चिपाडाचं आच्छादन घाला. ओल टिकते, शनिवार-रविवार ट्रेकला गेलात तरी चिंता नाही.

* पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं. पुढच्या वर्षी काय लावायचं, याची यादी तिथेच करा.

तर मंडळी, मोबाइलच्या कॅलेंडरवर भोगीचा अलार्म लावा आणि मागे मोजत या. या रविवारी उशिरा उठायचं असेल तर खुशाल उठा, ब्रंचही करा. फक्त ऊन उतरायच्या आत एक कुंडी तरी रिकामी करून माती पसरवा. चार वांगी का होईनात, जानेवारीत त्यांना तुमच्या घरच्या मातीचा वास असेल!