बुलडाणा जिल्ह्यातील शाश्वत मत्स्यव्यवस्थापन आणि समष्टी आनुवंशिकी

प्रस्तावना :
बुलडाणा जिल्हा दोन नदीखोऱ्यांत विभागलेला आहे. नळगंगेचे पाणी पूर्णेमार्गे तापीस मिळते. पैनगंगा व खडकपूर्णा या नद्या गोदावरी खोऱ्यातील आहेत. या नद्यांवरील जलाशयांत मासेमारी चालते. तिच्या शाश्वततेसाठी समष्टी आनुवंशिकी कशी उपयुक्त ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मत्स्यबीज आणि आंतरप्रजनन :
कटला, रोहू व मृगळ हे मासे मूळचे उत्तर भारतीय नद्यांतील असून साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. 1957 मध्ये हिरालाल चौधरी व अलीकुन्ही यांनी ओडिशात प्रेरित प्रजनन यशस्वी केल्यानंतर बीज केंद्रांत तयार होऊ लागले. तथापि मोजक्याच प्रजनकांचा पिढ्यान्‌पिढ्या वापर झाल्यास आंतरप्रजनन वाढते. परिणामी वाढीचा वेग व जगण्याचे प्रमाण घटते.

येथे प्रजनकांच्या एकूण संख्येपेक्षा 'प्रभावी समष्टी आकार' महत्त्वाचा ठरतो. नर व मादी यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला एकूण संख्येने भागल्यास तो मिळतो. समजा, 5 नर व 45 माद्या वापरल्या, तर प्रभावी आकार केवळ 18 येतो आणि आंतरप्रजनन प्रतिपिढी सुमारे 2.8 टक्के वाढते. 25 नर व 25 माद्या घेतल्यास ही वाढ 1 टक्क्यावर येते. मासे तेवढेच, फरक केवळ नियोजनाचा.

स्थानिक मासे :
दीर्घकाळ विभक्त राहिलेल्या समष्टींची जनुकीय घडण भिन्न होत जाते. त्यामुळे तापी व गोदावरी खोऱ्यांतील मरळ एकच समजून बीजाची अदलाबदल करणे धोक्याचे आहे. वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मान्यता दिली. तो पूर्ण झाल्यास गोदावरी खोऱ्यातील पाणी, आणि त्यासोबत मासेही, तापी खोऱ्यात येऊ शकतील. एकदा मिसळलेल्या समष्टी पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून आजची नोंद आजच होणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
बीजकेंद्रांनी नर-माद्यांचे प्रमाण समान ठेवावे, प्रजनकांची नोंदवही ठेवावी व ठरावीक काळाने असंबंधित प्रजनक आणावेत. महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागांनी मच्छीमार सहकारी संस्थांच्या सहकार्याने दोन्ही खोऱ्यांतील माशांच्या परांचे लहान तुकडे अल्कोहोलमध्ये जतन करावेत. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोसारख्या संस्थांच्या मार्गदर्शनाने त्यांचे डीएनए विश्लेषण करता येईल. जलाशयावर उपजीविका करणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हे कार्य अगत्याचे आहे.