एकोणीस लाखांचे एकोणीस

२०११च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ भरली. हा आकडा इंग्रजी अंकांत, आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन एखाद्या फाइलीत लिहिलेला असेल आणि पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेला त्याचा पूर्णांक करायला सांगितले, तर उत्तर येते १९. तोच आकडा देवनागरी अंकांत असेल तर शून्य. दोन्ही वेळा तक्रार नाही की इशारा नाही. नियमच तसा आहे: डावीकडून ओळखीचे अंक घ्यायचे, पहिल्या अनोळखी चिन्हाशी थांबायचे आणि हाती लागले तेवढ्यावर भागवायचे. फाइल सापडली नाही तर निदान इशारा तरी मिळतो. फाइल उघडली, ओळी आल्या, बेरीजही झाली, की मग कोणी शंका घेत नाही. म्हणूनच फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला आधी ‘नाही’ म्हणता आले पाहिजे.

खोड मुळातच आहे. फाइलीत अक्षरे नसतात, बाइट असतात. ‘जालना’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा. युनिकोडच्या हिशेबात तो पाच चिन्हांचा, कारण दोन काने वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. पीएचपीच्या ‘स्ट्रलेन’ला लांबी विचारली तर ते पंधरा सांगते, ‘एमबी_स्ट्रलेन’ पाच सांगते आणि ‘ग्राफीम_स्ट्रलेन’ तीन. तिघांचेही बरोबर, प्रश्न कोणता होता एवढेच पाहायचे. पण पहिल्या फंक्शनच्या भरवशावर गावाचे नाव दहा बाइटांवर कापले, तर तीन चिन्हे शाबूत राहतात आणि चौथ्याचा एक तुकडा लोंबकळत उरतो. रासमस लेरडॉर्फ यांनी १९९४मध्ये ही भाषा रचायला घेतली ती स्वतःच्या वेबपानासाठी, आणि तिच्या दृष्टीने मजकूर म्हणजे बाइटांची माळ. पुढे सहाव्या आवृत्तीत युनिकोड मुळापासून आणण्याचा घाट घातला गेला, पण २०१०मध्ये तो सोडून द्यावा लागला. २०१५मध्ये भाषा पाचावरून थेट सातावर गेली. तेव्हा बाइट आणि अक्षरे यांतला फरक सांभाळण्याची जबाबदारी आजही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचीच.

जालन्यासारख्या जिल्ह्यात अशा चुकीच्या वाचनाची किंमत पावसाच्या आकड्यांत दिसते. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. समजा, भोकरदन किंवा मंठा तालुक्यातल्या एखाद्या मंडळाची नोंद देवनागरीत ‘६५.५’ अशी टंकलेली आहे. तिचे थेट संख्येत रूपांतर केले की अतिवृष्टीचे मंडळ कोरडे ठरले! याहून फसवी असते रिकामी चौकट. तिचेही शून्यच होते. पण पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पीएचपीत यावर इलाज आहे. ‘फिल्टर_व्हार’ला हा आकडा खरेच संख्या आहे का, असे विचारता येते, नसेल तर ते ‘फॉल्स’ सांगते. फक्त ते उत्तर तीन बरोबरच्या चिन्हांनी तपासावे, कारण दोन चिन्हांच्या तुलनेत शून्य आणि ‘फॉल्स’ सारखेच ठरतात.

यावर कोणी म्हणेल, दोष पीएचपीचा आहे, भाषा बदला. यात तथ्य आहे. पायथनला देवनागरी अंक कळतात, आणि स्वल्पविरामाचा आकडा पूर्णांकात बदलायला दिला तर ती सरळ अडून बसते. या बाबतीत ती उजवी, हे मान्य करायला हवे. पण रिकामी चौकट कशी वाचायची, मिलिमीटर की सेंटिमीटर, जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या नावांचे काय करायचे, हे तिलाही कोणीतरी सांगावेच लागते. दुसरा आक्षेप व्यवहारी: प्रत्येक ओळ अशी तपासत बसलो तर वेळ किती जाईल? संगणकाचा फारसा नाही. सगळी फाइल एकदम ‘फाइल_गेट_कंटेंट्स’ने उचलली तर मोठी फाइल स्मृतीच्या मर्यादेवर, म्हणजे सहसा १२८ एमबीवर, आपटते, ‘एफगेटसीएसव्ही’ने एकेक नोंद घेतली तर ती अडचण राहत नाही, आणि तपासणी तिथल्या तिथे होते. लोकसंख्येच्या तक्त्यात तर आणखी सोपे: आठ तालुक्यांची बेरीज जिल्ह्याच्या आकड्याशी जुळली नाही, की प्रोग्रॅमने थांबावे आणि फरक दाखवावा.

सर्वात अवघड फाइल मात्र आकड्यांची नाही. २०२३मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाने वेग घेतला, जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी धुंडाळल्या गेल्या आणि त्यांची स्कॅन केलेली पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. अशी फाइल पीएचपी बिनचूक उघडते, शेवटच्या बाइटपर्यंत वाचते, आणि तिला त्यात एकही नाव सापडत नाही, कारण ते पानाचे छायाचित्र असते. अशी कित्येक पाने ज्या मोडी लिपीत आहेत तिला युनिकोडमध्ये २०१४मध्ये जागा मिळाली खरी, पण त्याने जुने पान आपोआप मजकूर होत नाही. अशा पानावर नाव शोधणाऱ्या प्रोग्रॅमने ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर देणे म्हणजे रिकाम्या चौकटीचे पुन्हा शून्य करणे. त्याने ‘मजकूर वाचता आला नाही’ असे लिहावे आणि ते पान मोडी जाणणाऱ्याच्या यादीत टाकावे.