जानापावच्या माथ्यावर पाण्याची वाट फुटते

परशुरामाचे नाव घेतले की गोमंतकीयांना मागे सरकणारा समुद्र आठवतो. त्याच परशुरामाचे जन्मस्थान मानला जाणारा जानापावचा डोंगर माळव्यात, इंदूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर महूच्या पुढे आहे. माथ्यावर जमदग्नींच्या आश्रमाची परंपरा सांगणारे मंदिर व कुंड असून कार्तिक पौर्णिमेला तेथे यात्रा भरते.

भूगोलाच्या दृष्टीने मात्र जानापाव हा एकटा डोंगर नव्हे. विंध्याच्या कण्यावरील सिगार (८८१ मीटर), जानापाव (८५४ मीटर) आणि धजारी (८१० मीटर) ही माळव्यातील उंच शिखरे. आकडे मोठे वाटले, तरी इंदूर शहरच साडेपाचशे मीटरवर असल्याने उत्तरेकडून येणाऱ्याला चढ फारसा जाणवत नाही. दक्षिणेला तेच पठार एकाएकी निमाडात कोसळते. पावसाळ्यात कमरेएवढ्या गवतात कड्याची धार दिसत नाही आणि धुके उतरले की पायवाटही हरवते. म्हणून पाऊस ओसरल्यानंतरचा, गवत पिवळे पडू लागण्याचा काळ भटकंतीस उत्तम. वाहनाचा रस्ता आता माथ्यापर्यंत पोहोचला आहे. पण डोंगर कळतो तो पायीच.

काळ्या बेसाल्टवर मातीचा थर पातळ असल्याने अशा माथ्यांवर मोठे वृक्ष सहसा तग धरत नाहीत. साग उतारावर आणि घळीत वाढतो. वरचे गवत उजाड रानाची खूण नव्हे. त्याची मुळे माती धरून ठेवतात, पावसाचा मारा सोसतात आणि पाण्याला खडकाच्या भेगांत मुरायला अवधी देतात. वणव्याने किंवा अति चराईने ते गेले, तर पहिल्याच जोरदार सरीत माती खाली जाते.

येथे मुरलेल्या पाण्याला दोन वाटा आहेत. उत्तरेकडील चंबळ होऊन यमुना-गंगेमार्गे बंगालच्या उपसागरास मिळते, तर दक्षिणेकडील चोरल, कारम या नद्यांतून नर्मदेत उतरून अरबी समुद्र गाठते. कणकुंबीच्या परिसरात पूर्वेला वळणारी मलप्रभा आणि पश्चिमेला उतरणारी म्हादई यांच्यामधला जलविभाजक काय असतो, हे गोव्याला वेगळे सांगायला नको.

इंदूरने या विभाजकावर यंत्राने मात केली. १९७८ पासून शहर नर्मदेचे पाणी पिते. मंडलेश्वराजवळील जलूद येथून उपसलेले हे पाणी विंध्याची चढण पंपांनी पार करून सुमारे ७० किलोमीटर दूरच्या इंदुरात पोहोचते. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी क्षिप्रेतही सोडण्यात आले. उताराने दक्षिणेला गेलेले पाणी वीज खर्चून पुन्हा उत्तरेला आणले जाते, आणि त्याच कण्यावर पाणी मुरवणारे गवत दरवर्षी वणव्याच्या तोंडी असते.