बिल्ला, अधिकार आणि सूचना

पूर्वी बँकेत पैसे काढण्यासाठी धनादेश दिला की क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला हाती पडत असे. त्या क्रमांकाचा पुकारा झाला की बिल्ला परत करावयाचा आणि रक्कम घ्यावयाची. संगणकजालावर आज आपली ओळख ज्याच्या आधारे पटते, ते ‘टोकन’ याच जातीचे आहे. निकालपत्रापासून वैद्यकीय अहवालापर्यंत सारे काही मोबाईलवर पाहिले जात असताना हा बिल्ला कोण देतो, तो किती वेळ चालतो आणि परत कसा घेता येतो, हे प्रश्न केवळ तंत्रज्ञांचे राहिलेले नाहीत.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील एचटीटीपी हा शिष्टाचार मुळात विस्मरणशील आहे. एका मागणीला उत्तर दिल्यानंतर पुढची मागणीही त्याच व्यक्तीची आहे, हे सर्व्हरला आपोआप समजत नाही. म्हणून संकेतशब्द एकदा तपासून टोकन दिले जाते आणि पुढील प्रत्येक मागणीसोबत ते सादर करावे लागते. हे काम ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टमधील क्लायंट लायब्ररी करते. क्लायंट लायब्ररी म्हणजे वापरणाऱ्याच्या यंत्रावर चालणारा तयार आज्ञावलींचा संच. टोकन जपून ठेवणे, मागणीला जोडणे आणि मुदत संपत आली की नवे आणणे, ही तिची कामे होत. गूगलने २०१४ साली विकत घेतलेल्या ‘फायरबेस’ची लायब्ररी हे याचे परिचित उदाहरण आहे.

अशा टोकनाचे एक प्रचलित रूप म्हणजे ‘जेसन वेब टोकन’. मे २०१५ मध्ये आरएफसी ७५१९ या दस्तऐवजाने त्याचे प्रमाण ठरविले. त्याच्या नेहमीच्या रूपात टिंबांनी जोडलेले तीन भाग असतात. पहिल्यात स्वाक्षरीची पद्धत असते. दुसऱ्यात धारक कोण, टोकन कोणी दिले आणि मुदत केव्हा संपते, ही माहिती असते. तिसऱ्यात देणाऱ्याची सांकेतिक स्वाक्षरी असते. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. स्वाक्षरीमुळे मजकुरात केलेला फेरफार उघड होतो. मजकूर गुप्त मात्र राहत नाही. टोकन हाती लागलेला कोणीही दुसरा भाग वाचू शकतो, आणि मुदत संपेपर्यंत धारक म्हणून वावरूही शकतो.

आता अधिकाराकडे वळू. समजा, एका शाळेने गुणनोंदीची व्यवस्था उभारली. शिक्षक गुण भरतात, पालक केवळ पाहतात. पालकाच्या पडद्यावर ‘गुण बदला’ हे बटण दिसत नाही, एवढ्याने गुण सुरक्षित होत नाहीत. ब्राउझरमधील आज्ञावली वापरणाऱ्याच्या ताब्यात असते; बटण वगळूनही मागणी पाठविता येते. म्हणून निर्णय सर्व्हरनेच, टोकनाची स्वाक्षरी आणि धारकाचा अधिकार तपासून, दिला पाहिजे. ओळखच पटली नाही तर सर्व्हर ४०१ हा क्रमांक कळवितो. ओळख पटली पण अधिकार नाही, तर ४०३.

याहून अवघड प्रश्न अधिकार काढून घेण्याचा आहे. फायरबेसमध्ये ओळखीचे टोकन एक तास चालते आणि ‘शिक्षक’ ही भूमिका त्यातच नोंदविता येते. एखाद्या शिक्षकाची भूमिका दहा वाजता रद्द केली, तरी पावणेदहाला मिळालेल्या टोकनात ती पावणेअकरापर्यंत तशीच राहते. केवळ टोकनावर विसंबणारा सर्व्हर तोवर त्याला शिक्षकच मानील. निकाल पाहण्यापुरते हे चालेल. गुण बदलण्यासारख्या कामात मात्र सर्व्हरने दर वेळी मूळ नोंद पाहावी, हेच योग्य.

सूचनांची व्यवस्था याहून वेगळी आहे. सूचना दाखविण्याची परवानगी शाळा देत नाही, वापरणारा देतो. त्याने नकार दिला, तर आज्ञावलीला तो प्रश्न पुन्हा पुढे करता येत नाही. वापरणाऱ्यालाच सेटिंगमध्ये जाऊन बदल करावा लागतो. म्हणून पान उघडताक्षणी परवानगी मागू नये. सूचना कशासाठी हे आधी सांगावे. परवानगी मिळाल्यावर सूचनेसाठी वेगळे टोकन तयार होते. ते व्यक्तीचे नव्हे, तर त्या यंत्रावरील त्या ब्राउझरचे असते. पान बंद असतानाही ‘सर्व्हिस वर्कर’ हा पार्श्वभूमीतील कार्यभाग सूचना स्वीकारतो.

अनेक घरांत एकच मोबाईल अनेकजण वापरतात, म्हणून हा भेद महत्त्वाचा ठरतो. एका मुलीने खाते बंद केले आणि तिच्या भावाने स्वतःचे उघडले, पण सूचनेचे टोकन मुलीच्याच नावाशी जोडलेले राहिले, तर तिच्या निकालाची वार्ता भावाच्या नजरेस पडते. म्हणून खात्यातून बाहेर पडताना हे टोकनही रद्द झाले पाहिजे, आणि सर्व्हरवरील त्याची नोंदही पुसली पाहिजे. शिवाय सूचनेत ‘निकाल उपलब्ध आहे’ एवढेच असावे. कुलूपबंद पडद्यावरही सूचना वाचता येऊ शकते. गुण मात्र ओळख पटल्यानंतरच दिसावेत.

आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी आज संस्था चालवितात आणि अशा व्यवस्था विकत घेतात. कंत्राटावर सही करण्यापूर्वी त्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत: अधिकाराचा निर्णय सर्व्हरवर होतो का? टोकन किती वेळ चालते? रद्द केलेला अधिकार किती वेळात थांबतो? आणि खाते बंद केल्यावर सूचना कोणाच्या पडद्यावर जातात? या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे मिळेपर्यंत विद्यार्थ्यांची माहिती त्या व्यवस्थेच्या हवाली करू नये.