गुण द्यायचे, पण न मोजले जाणारे
अमेरिकेत नवशिक्यांच्या फिगर स्केटिंग स्पर्धांचा परीक्षक व्हायचं, तर आधी ‘ट्रायल जजिंग’ करावं लागतं. उमेदवार रिंकच्या कडेला बसून खऱ्या परीक्षकांसारखेच प्रत्येक स्केटरला गुण देतो. निकालात मात्र ते धरले जात नाहीत. नंतर ते पॅनेलच्या गुणांशी ताडून पाहिले जातात.

मानधन नाही. थंडी मात्र भरपूर!

2002च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या परीक्षणाच्या वादानंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून सहापैकी गुण देण्याची जुनी 6.0 पद्धत गेली. अमेरिकेतल्या नवशिक्यांच्या पातळीवर ती अजून टिकून आहे. तिथे 2.4 की 2.6 याला स्वतंत्र अर्थ नसतो. परीक्षकाने लावलेला क्रम महत्त्वाचा. सुरुवातीलाच हात सैल सोडला, तर पुढच्या सरस स्केटरसाठी जागा उरत नाही. म्हणून पहिल्या स्केटरला गुण जपूनच दिले जातात.