केमोथेरपीतील उलटी आणि घरची शुश्रूषा

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आला आहे. अतिसाराने खंगलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याची विचारपूस करणारे कोणी नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदांकडून पाणी आणविले. भगवंतांनी पाणी घातले, आनंदांनी त्या भिक्खूला धुतले, आणि एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजविले. आपल्या शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी ही कथा ऐकली असेल. मात्र त्यानंतर भगवंतांनी चांगल्या शुश्रूषकाची आणि शुश्रूषेस सोप्या रुग्णाची जी लक्षणे सांगितली, ती फारशी कोणाच्या स्मरणात राहत नाहीत. शुश्रूषकाला पथ्य कोणते व अपथ्य कोणते हे कळावे, आणि मल, मूत्र, थुंकी व ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये. रुग्णाने औषध घ्यावे, आणि आपले दुखणे वाढते आहे, उतरते आहे की तसेच आहे, हे जसे असेल तसे सांगावे.

आमच्यापैकी काहींनी घरच्या माणसाबरोबर केमोथेरपीच्या खेपा केल्या आहेत. ओकारी काढण्याचे काम आम्ही मनापासून केले. पण पहिल्या खेपेत दुसऱ्या दिवशी रुग्णाला बरे वाटते आहे असे पाहून आम्ही उलटीच्या गोळ्या बंद केल्या, आणि तिसऱ्या दिवशीच्या त्रासाने ते माणूस ‘आता पुढची केमो नको’ म्हणू लागले. ती चूक कशी झाली आणि ती कशी टाळता येते, हे समाजबांधवांना सांगावे म्हणून हे लिहीत आहोत.

केमोथेरपीचे औषध पोटात सडते म्हणून उलटी होते, असा एक समज आहे. तो खरा नाही. शिरेतून दिलेल्या औषधानेही उलटी होतेच. काही औषधांमुळे लहान आतड्याच्या आवरणातील विशिष्ट पेशींतून सेरोटोनिन हे द्रव्य बाहेर पडते. ते तेथील मज्जातंतूंना चेतवते आणि हा संदेश मेंदूच्या खालच्या भागातील उलटीच्या केंद्राकडे जातो. त्याच परिसरात रक्तातील विषारी द्रव्यांची चाहूल घेणारी एक जागाही असते. याशिवाय मेंदूत ‘सब्स्टन्स पी’ नावाचे दुसरे द्रव्य काम करते. त्याचा प्रभाव मुख्यतः नंतरच्या दिवसांत जाणवतो. सारांश, उलटीला वाटा अनेक आहेत आणि एकाच गोळीने त्या सर्व बंद होत नाहीत.

सर्व केमोथेरपी सारखी नसते, हेही लक्षात घ्यावे. सिस्प्लाटिन, किंवा स्तनाच्या कर्करोगात एकत्र दिली जाणारी डॉक्सोरुबिसिन व सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे प्रतिबंधक उपायांवाचून दिली, तर शंभरातील नव्वदांहून अधिक रुग्णांना उलट्या होतात. उलट व्हिन्क्रिस्टिनसारख्या औषधाने हे प्रमाण शंभरात दहाहूनही कमी असते. म्हणून शेजारच्या खाटेवरील रुग्णाला काय झाले, यावरून आपल्या रुग्णाचे भाकीत करू नये. स्त्रिया, तरुण रुग्ण, एस.टी.च्या प्रवासात ज्यांना उलट्या होतात ते, आणि गरोदरपणात ज्यांना कोरड्या काढून हैराण व्हावे लागले अशा भगिनी यांना धोका अधिक असतो. डॉक्टरांनी विचारले नाही तरी ही माहिती आपण होऊन सांगावी.

त्रासाच्या वेळाही वेगवेगळ्या असतात. पहिल्या चोवीस तासांतील उलटीकडे रुग्णालयाचे लक्ष असते. खरी फसगत होते ती त्यानंतरच्या, साधारण पाचव्या दिवसापर्यंतच्या उलटीने. सिस्प्लाटिनचा हा दुसरा जोर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. तोवर रुग्ण गावी पोहोचलेला असतो, किंवा मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणारा असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी परतलेला असतो. तेथे परिचारिका नसते. असतो तो आपल्यासारखा नातेवाईक आणि त्याच्या हातातील गोळ्यांची पिशवी. ‘उलटी नाही, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न येथेच पडतो. उलटी नाही ती त्या गोळीमुळे नाही, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

त्या पिशवीत सामान्यतः काय असते? ऑनडॅन्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन ही सेरोटोनिनचा मार्ग अडविणारी औषधे. ती केमोथेरपीच्या आधी द्यायची असतात. सब्स्टन्स पी अडविणारे अ‍ॅप्रेपिटंट तीन कॅप्सूलच्या पाकिटात मिळते : पहिल्या दिवशी 125 मिलिग्रॅमची, नंतरचे दोन दिवस 80 मिलिग्रॅमची. यातील क्रम चुकवू नये. तिसरे डेक्सामेथासोन. ते सकाळी, काही खाऊन घ्यावे, कारण रात्री घेतल्यास झोप उडते. मधुमेही रुग्णाची साखरही त्याने वाढते. ऑनडॅन्सेट्रॉनने बद्धकोष्ठता होते आणि शौचाला न झाल्यानेही मळमळ वाढते. म्हणून त्याबद्दल बोलण्यास संकोच करू नये.

चौथ्या औषधाबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. ओलान्झापिन ही गोळी मानसिक आजारांतही दिली जाते. औषधाच्या दुकानात कोणी तसे बोलतो, घरातील मुलगा मोबाईलवर शोधतो, आणि ‘डॉक्टरांनी वेड्याचे औषध लिहिले’ असे म्हणत ती गोळी फेकून दिली जाते. (मानसिक आजाराचे औषध घेण्यातही लाज कसली, हा प्रश्न आहेच.) वस्तुस्थिती अशी की, उलटी घडविणारे अनेक मार्ग ही गोळी एकाच वेळी अडविते आणि मळमळ शमविण्यात ती विशेष उपयोगी ठरली आहे. तिचा दोष म्हणजे गुंगी. याच प्रश्नावर टाटा स्मारक रुग्णालयात अडीचशेहून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला आणि तो 2024 साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नेहमीच्या 10 मिलिग्रॅमऐवजी 2.5 मिलिग्रॅमची मात्रा दिली, तरी उलटी रोखण्यात ती उणी पडली नाही आणि गुंगी पुष्कळ कमी झाली. मात्रा अर्थातच डॉक्टरांनी ठरवावयाची. आपण गोळी मोडून घ्यायची नाही.

आणखी एक प्रकार मनाला चटका लावणारा आहे. पहिल्या खेपांत फार उलट्या झालेल्या रुग्णाला पुढे रुग्णालयाचे फाटक दिसताच, स्पिरिटचा वास येताच मळमळू लागते. हे नाटक नव्हे. शरीराने शिकलेला तो धडा असतो. एकदा तो जडला की गोळ्यांना सहजी दाद देत नाही, आणि म्हणूनच पहिल्याच खेपेत पूर्ण प्रतिबंध महत्त्वाचा. आदल्या रात्रीचे चिंता कमी करणारे औषध डॉक्टर देऊ शकतात. आनापानसतीचा सराव असलेल्यांना शांत बसून श्वासाकडे लक्ष दिल्याने अशा वेळी दिलासा मिळू शकतो. मात्र गोळ्यांची जागा ध्यान घेत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

स्वयंपाकघरात थोडे भान पुरते. लसूण-मोहरीची फोडणी रुग्ण आत असताना देऊ नये. गरम अन्नाला वास अधिक येतो, तेव्हा पेज, मऊ भात किंवा मुगाची खिचडी निवू द्यावी आणि दोन-दोन तासांनी थोडी थोडी द्यावी. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. केमोच्या दिवशी रुग्णाचा आवडता पदार्थ मुद्दाम करून घालू नये. त्या दिवशीची मळमळ त्या पदार्थाला चिकटते आणि मग तो कायमचा नकोसा होतो. मायेपोटी हे हमखास घडते. गावठी काढे डॉक्टरांना दाखविल्याशिवाय देऊ नयेत.

पाणीही चोवीस तास पोटात ठरत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल, भोवळ येत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काही दिसत असेल, तर घरी थांबू नये. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा अधिक असेल, तर उलटी असो वा नसो, रात्रीही निघावे. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप ही तातडीची बाब असते.

आमच्या रुग्णाने दुसऱ्या खेपेपासून शाळेची एक जुनी वही वापरली. आपल्या घरची माणसे ‘बरे आहे’ म्हणून त्रास गिळतात आणि डॉक्टरही तेच खरे मानतात. वहीत ते लपत नाही. दिवस, वेळ, उलट्या किती, मळमळ किती, काय खाल्ले, कोणती गोळी कधी घेतली, एवढेच रकाने होते. मळमळ निराळी लिहायची, कारण उलटी थांबूनही ती दिवसभर राहू शकते आणि बाहेरून दिसत नाही. तिसऱ्या खेपेच्या आधी डॉक्टरांनी ती वही पाहिली, तिसऱ्या दिवशीच्या रकान्यावर बोट ठेवले आणि औषधांच्या यादीत एक गोळी वाढविली. त्या खेपेच्या तिसऱ्या दिवशी वहीत ‘उलटी’ या रकान्यात शून्य आहे, आणि ‘काय खाल्ले’ या रकान्यात दहीभात.